जुन्या स्प्लेंडरच्या इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल : रिंगा बदलण्याआधी काय तपासावे?

खाडीकाठ (धागाकर्ता)

वडिलांची १९९७ सालची हिरो होंडा स्प्लेंडर सध्या माझ्याकडे आहे. चिपळूणच्या घरी ती पडवीत साइड स्टँडवर उभी असते आणि आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी बाजारापर्यंतच जाते. ऑइल बदलून फारसा काळ लोटला नसताना गेजवरची (ऑइल मोजण्याच्या कांडीवरची) पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली दिसली. ऑइल बोटावर घेतले तर ते अगदी पातळ लागते आणि त्याला पेट्रोलचा स्पष्ट वास येतो. एअर फिल्टरच्या डब्यातही थोडे ऑइल साचले आहे. सायलेन्सरमधून निळा धूर येत नाही, गाडीची ओढ पूर्वीसारखीच आहे, मात्र एखाद्या सकाळी किक अर्ध्यावर अडल्यासारखी वाटते.

गॅरेजमध्ये दाखवल्यावर "रिंगा गेल्या, हाफ इंजिनचे काम काढावे लागेल" असे सांगण्यात आले. हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक, पिस्टन आणि त्यावरच्या रिंगा बदलणे; त्याला माझी तत्त्वतः हरकत नाही, परंतु निळा धूर नसताना रिंगांना दोष देणे मला पटत नाही. इंजिन उघडण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल आणि ते कोणत्या क्रमाने तपासावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनाहातोडा

निदानाचे नंतर पाहू. आधी एक गोष्ट कटाक्षाने पाळा : किक अडत असेल तर ती जोर लावून मारू नका आणि गाडी ढकलून, गिअरमध्ये टाकून सुरू करण्याचा प्रयत्नही करू नका. या इंजिनाची क्षमता ९७.२ घनसेंटिमीटर आहे. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन सर्वांत खाली आणि सर्वांत वर असतानाच्या जागांचे गुणोत्तर) सुमारे नऊ धरला, तर पिस्टन सर्वांत वर असताना त्याच्या माथ्यावर उरणारी जागा जेमतेम १२ मिलिलिटर भरते. म्हणजे चहाचे दोन-अडीच चमचे पेट्रोल सिलिंडरमध्ये साचले तरी पिस्टनला पुढे जायला वाव राहत नाही, कारण द्रव पदार्थ हवेसारखा दाबला जात नाही. त्या अवस्थेत जबरदस्ती केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग हाफ इंजिनावरही भागत नाही.

किक अडली की टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा, स्पार्क प्लग काढा आणि मगच हळूहळू किक फिरवा. आतले पेट्रोल प्लगच्या भोकातून पिचकारीसारखे बाहेर उडते, त्यामुळे इग्निशन बंद ठेवा, प्लगची टोपी भोकापासून लांब ठेवा आणि तोंड त्या रेषेत आणू नका. पडवीत चूल, बंब किंवा देवाचा दिवा जवळ असेल तर गाडी आधी अंगणात घ्या. ऑइल इतके पातळ झाले असेल तर ते बदलेपर्यंत गाडी अजिबात चालवू नका. पेट्रोलमिश्रित ऑइलने बेअरिंग आणि कॅम झिजतात ही एक गोष्ट, आणि क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागात) पेट्रोलची वाफ कोंडलेली असताना इंजिन चालवणे धोक्याचे आहे ही दुसरी.

मध्यरेषा

जुनाहातोडा काकांनी सांगितलेली खबरदारी सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्यानंतरची पायरी म्हणजे ऑइलची पातळी खरोखर वाढली आहे याची खात्री करणे, कारण पातळी वाढलेली दिसण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतली काही अगदी निरुपद्रवी असतात. स्प्लेंडरची गेज-टोपी आटे न फिरवता, नुसती भोकात टेकवून पातळी पाहायची असते. टोपी पूर्ण आवळून पाहिले तर कांडी खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर हवी. साइड स्टँडवर घेतलेल्या मापाला काही अर्थ नसतो. शिवाय या इंजिनात ऑइल बदलताना एक लिटरपेक्षा कमी ऑइल बसते, तरी एक लिटरची बाटली फोडली की ती पूर्ण ओतायची अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. तुमच्या बाबतीत वास स्पष्ट आहे, त्यामुळे केवळ जादा ऑइल हे कारण नसावे, परंतु दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात.

ऑइल दुधाळ चहासारखे झाले असेल तर आत पाणी आहे असे समजावे. कोकणातल्या पावसात, आणि त्यातही गाडी थोडेसेच अंतर चालत असेल तर तेही होते. पेट्रोल मिसळलेले ऑइल मात्र दुधाळ होत नाही. ते केवळ पातळ होते आणि त्याला वास येतो. खात्रीसाठी गेजवरचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाका आणि शेजारी त्याच ग्रेडच्या नव्या ऑइलचा थेंब टाका. पेट्रोल मिसळलेला थेंब भरभर पसरतो आणि त्याच्या कडेला फिकट, रुंद वलय उमटते. काही मिस्त्री गेजच्या टोकाला काडी लावून पाहतात. ती परीक्षा कृपया कोणीही करू नये.

आता रिंगांविषयी. झिजलेल्या रिंगांमुळे ऑइल वर चढते, जळते आणि निळा धूर दिसतो. त्याच रिंगांतून न जळलेले पेट्रोल खाली उतरू शकते हेही खरे, पण त्यासाठी ते पेट्रोल मुळात सिलिंडरमध्ये जमलेले असावे लागते. ते तिथे कोठून आले हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर न शोधता रिंगा बदलल्या तर नव्या रिंगांच्या फटीतूनही पेट्रोल खाली जाईल, कारण रिंगेच्या दोन टोकांमध्ये फट ठेवलेलीच असते आणि स्थिर उभ्या राहिलेल्या द्रवाला तेवढी वाट रात्रभरात पुरते.

जुनाहातोडा

मध्यरेषा यांचे म्हणणे योग्य आहे. पेट्रोल ऑइलपर्यंत दोन वेगवेगळ्या प्रकारांनी पोहोचते आणि या दोहोंची गल्लत झाली की माणूस भलत्याच ठिकाणी पैसे घालवतो.

पहिला प्रकार गाडी उभी असतानाचा. टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, म्हणून पेट्रोल सतत खाली येऊ पाहते. त्याला अडवायला तीन गोष्टी असतात. पहिला अडथळा म्हणजे पेट्रोलचा कॉक, अर्थात तो बंद केला असेल तर. दुसरा कार्बोरेटरमधला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा डबा, आणि त्याची नीडल. फ्लोट वर आला की नीडल सीटवर बसते आणि पुरवठा थांबतो. तिसरी ओव्हरफ्लोची नळी. नीडल गळत असली तरी बाऊलमध्ये (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत) वाढलेले पेट्रोल नोझलमधून इंजिनाकडे वाहण्यापूर्वी या नळीतून जमिनीवर पडले पाहिजे. तुमच्या ऑइलमध्ये उभ्या गाडीत पेट्रोल जात असेल तर हे तिन्ही अडथळे एकाच वेळी निकामी झालेले आहेत. पडवीच्या फरशीवर गाडीखाली पेट्रोलचा डाग दिसतो का, हे धाग्यात कोठे आलेले नाही. दिसत नसेल तर ती नळी प्रथम संशयित आहे.

दुसरा प्रकार गाडी चालू असतानाचा. हवा-पेट्रोलचे मिश्रण गरजेपेक्षा फार समृद्ध (पेट्रोल जास्त) असेल, चोकची पट्टी पूर्ण उघडत नसेल, एअर फिल्टर चोंदला असेल किंवा ठिणगी अधूनमधून चुकत असेल, तर न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली नेते. या प्रकारात पातळी हळूहळू, धावण्याच्या अंतराबरोबर वाढते आणि प्लग काजळीने काळा होतो. उभ्या गाडीतल्या गळतीत मात्र गाडी न चालवताही पातळी वाढते.

स्प्लेंडरच्या बाबतीत एक विशेष आहे. हिचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो, कार्बोरेटर त्याच्या वरच्या अंगाला बसतो आणि मॅनिफोल्ड, म्हणजे त्याला इंजिनाशी जोडणारी नळी, खाली हेडमध्ये उतरते. त्यामुळे कार्बोरेटरच्या तोंडातून ओघळलेल्या पेट्रोलला इंजिनाकडे जायला सरळ उतारच मिळतो. कार्बोरेटरची मांडणी सपाट असलेल्या काही गाड्यांमध्ये ते मागे एअर फिल्टरच्या डब्यातही जाते आणि मालकाला लवकर कळते. तुमच्या डब्यातले ऑइल मात्र ब्रीदरच्या (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून आले असावे, कारण क्रँककेस भरली की ते त्या वाटेने बाहेर फेकले जाते.

खाडीकाठ

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. पेट्रोलचा डाग फरशीवर कधीही दिसलेला नाही, हे आता मुद्दाम आठवून सांगतो. कॉक बंद करण्याची सवय घरात कोणालाच नव्हती.

कॉक उघडा ठेवून गाडी रात्रभर उभी केली आणि सकाळी पातळी पाहिली. एका सकाळी ती वाढलेली दिसली, तर दुसऱ्या सकाळी जशीच्या तशी होती. गळती असेल तर ती रोज सारखीच व्हायला नको का? या चंचलपणामुळे गॅरेजवाल्यांचेच म्हणणे खरे असावे की काय, अशी शंका येते.

मध्यरेषा

हा चंचलपणा उलट कार्बोरेटरकडेच बोट दाखवतो. ओघळलेले पेट्रोल मॅनिफोल्डमधून उतरून इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर येऊन थांबते. तो व्हॉल्व्ह बंद असेल तर पेट्रोल पोर्टमध्येच साचून राहते आणि सिलिंडरमध्ये फारसे शिरत नाही. व्हॉल्व्ह थोडा जरी उघडा राहिला तरी ते थेट आत जाते. चार-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँकच्या दोन फेऱ्यांमध्ये इनटेक व्हॉल्व्ह साधारण एक-तृतीयांश काळ उघडा असतो. इंजिन बंद करताना ते बहुतेक वेळा कॉम्प्रेशनचा विरोध पार न करता अलीकडेच थांबते, तेव्हा व्हॉल्व्ह नुकताच मिटलेला असतो किंवा मिटण्याच्या बेतात असतो. काल तो कोठे थांबला आणि आज कोठे, यावर सकाळची पातळी ठरते.

म्हणून केवळ गेजच्या आधारे "रात्री गळत नाही" असा निष्कर्ष एखाद्या निरीक्षणावरून काढता येत नाही. कार्बोरेटरची परीक्षा इंजिनापासून वेगळी काढून करावी लागते.

जुनाहातोडा

ती परीक्षा कशी करायची ते सांगतो. कॉक आणि नीडल यांची तपासणी स्वतंत्रपणे करायची आहे, दोन्ही एकदम नाही.

कॉक बंद करून कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढा आणि तिचे टोक एका रिकाम्या, अरुंद तोंडाच्या बाटलीत सोडा. रात्रभर तसेच ठेवा. सकाळी बाटलीत थेंबसुद्धा असता कामा नये. जुन्या कॉकमधले भोकांचे रबरी पॅकिंग कडक होते, त्याला चरे पडतात आणि बंद स्थितीतही पेट्रोल झिरपते. बरेच जण कॉक फिरतो आहे म्हणजे तो बंद होतो आहे असे समजतात.

नीडलसाठी पारदर्शक नळीचा एक तुकडा हवा. बाऊलच्या तळाशी जी निप्पल असते तिच्यावर ही नळी बसवा, नळी वर वळवून कार्बोरेटरच्या बाजूने उभी धरा आणि ड्रेनचा स्क्रू थोडा सैल करा. गाडी मेन स्टँडवर असावी. कॉक उघडला की बाऊलमधली पातळी नळीत दिसू लागते आणि ती बाऊल व बॉडीच्या सांध्याच्या आसपास येऊन थांबली पाहिजे. तेथे खूण करा आणि तासाभराने पुन्हा पाहा. पातळी स्थिर असेल तर नीडल ठीक आहे. मुंगीच्या पावलाने का होईना, वर चढत असेल तर नीडल किंवा सीट गळत आहे. ही नळी जोडण्यापूर्वी मूळ ओव्हरफ्लोची नळी जागेवर असतानाच ड्रेनचा स्क्रू एकदा उघडून पाहा. लहान कार्बोरेटरमध्ये बहुधा ड्रेन आणि ओव्हरफ्लो यांची वाट एकच असते, त्यामुळे पेट्रोल जोमाने बाहेर आले नाही तर नळी कोठेतरी चोंदलेली आहे हे लगेच कळते.

कौलारू

मी म्हापशाहून लिहितो आहे. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत अशा तक्रारी वाढल्या आहेत आणि माझ्या मते या सगळ्याचे मूळ इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये आहे. २०२२ पर्यंत दहा टक्के होते, २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल विक्रीला आले. नव्वदच्या दशकातल्या गाडीचे रबर त्याला टिकणार कसे? नीडलचे टोक बदलून उपयोग नाही, पुन्हा तेच होणार.

जुनाहातोडा

इथेनॉलचा मुद्दा खोटा नाही, पण त्याला सगळ्याचे मूळ म्हणणे घाईचे होईल. काही जुन्या रबरी वस्तू इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात हे खरे आहे. म्हणून नळ्या, ओ-रिंगा आणि नीडल आता इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्याच घ्याव्यात. पण इथेनॉल येण्याच्या कितीतरी आधीपासून फ्लोटच्या नीडली गळत आल्या आहेत. नीडलचा शंकू सीटवर वर्षानुवर्षे एकाच जागी टेकतो, शंकूवर तेथे गोल चर पडते, आणि त्या चरेत बारीकसा कण अडकला की गळती सुरू होते.

या धाग्याच्या दृष्टीने इथेनॉलचा अधिक महत्त्वाचा परिणाम वेगळाच आहे. ते हवेतला ओलावा शोषून घेते. अर्ध्या टाकीनिशी दमट हवेत बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत पाणी टाकीच्या तळाशी उतरू शकते, तिथला पत्रा गंजतो आणि गंजाची भुकटी कॉकमधून नीडलपर्यंत पोहोचते. नवी नीडल महिनाभरात पुन्हा गळू लागली तर दोष बहुधा नीडलचा नसतो. अशा वेळी टाकीत विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे.

उत्तरायण

इंग्लंडमध्ये जुन्या जपानी मोटरसायकली चालवणाऱ्यांच्या माहितीसाठी एक पुरवणी जोडतो. सुझुकी जीएस ५०० सारख्या गाड्यांमध्ये कॉक हाताने बंद करायचा नसतो. इंजिन सुरू झाल्यावर मॅनिफोल्डमधला निर्वात एका पडद्याला ओढतो आणि तेव्हाच पेट्रोल सुटते. हा रबरी पडदा वयाने फाटला की पेट्रोल त्या निर्वाताच्या नळीतूनच थेट मॅनिफोल्डमध्ये येते. म्हणजे फ्लोट, नीडल आणि ओव्हरफ्लो या सगळ्यांना वळसा घालून. अशा गाडीत कार्बोरेटर कितीही साफ केला तरी उपयोग होत नाही. तपासणी मात्र सोपी आहे : कॉकवरची निर्वाताची नळी काढा आणि तिच्या तोंडाला पेट्रोल लागले आहे का ते पाहा. तिथे ओल दिसली तर कॉक बदलण्यावाचून पर्याय नाही. भारतात कार्बोरेटर असलेल्या अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरांमध्येही याच तत्त्वाचा स्वयंचलित कॉक आहे, त्यामुळे हे तुमच्याही उपयोगाचे ठरावे.

कृष्णाकाठचा_बुलेटी

बुलेट चालवणाऱ्यांनी मात्र हा धागा वाचून घाबरू नये. जुन्या, बिडाच्या सिलिंडरच्या बुलेटचे ऑइल क्रँककेसमधल्या वेगळ्या कप्प्यात साठवलेले असते आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पंपातून झिरपून क्रँककडे उतरते. सुरू केल्यावर भरपूर धूर येतो आणि ब्रीदरमधून ऑइल पडते. नवख्या माणसाला वाटते की पेट्रोल मिसळून ऑइल वाढले. प्रत्यक्षात उभ्या गाडीत गेजवरची पातळी वाढलेली नसते, ती कमी झालेली दिसते, आणि वासही नसतो. गेज पाहण्याआधी गाडी थोडी चालवून ऑइल कप्प्यात परत आणायला हवे.

खाडीकाठ

ऑइल काढून टाकले आणि नवे भरण्यापूर्वी काकांनी सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली.

कॉकखालच्या बाटलीत सकाळी तळ झाकण्याइतके पेट्रोल जमले होते, म्हणजे कॉक बंद होत नाही. बाऊलचा ड्रेन स्क्रू पूर्ण सैल केला तरी मूळ नळीतून काहीच आले नाही. नळी काढून पाहिली, तर खालच्या तोंडात मातीचा घट्ट बूच होता. कुंभारमाशीने आत घर केलेले आहे हे माती फोडल्यावर कळले. पावसाळ्यापूर्वी या माश्या आमच्या पडवीत जिथे नळीएवढे भोक मिळेल तिथे माती भरतात, दाराच्या कुलपातसुद्धा. पारदर्शक नळीत पातळी सांध्याच्या वर चढत गेली आणि अखेर कार्बोरेटरच्या इंजिनाकडच्या तोंडातून ओघळ दिसू लागला. तिथेच तपासणी थांबवली आणि बाऊल उघडला. नीडलच्या टोकावर नखाला जाणवेल अशी गोल चर आहे आणि बाऊलच्या तळाशी तांबूस भुकटी साचली आहे.

आता नीडल, कॉकचे पॅकिंग आणि नळी बदलावी, टाकी धुवावी, एवढे माझ्या लक्षात आले. कार्बोरेटर जुळवताना आणखी काय पाहावे? वाटेत एक फिल्टर बसवावा असेही एकाने सुचवले आहे.

मध्यरेषा

बाऊल उघडलाच आहे तर फ्लोट हातात घेऊन कानाजवळ हलवून पाहा. आत पेट्रोल शिरले असेल तर आवाज येतो, आणि जड झालेला फ्लोट नवी नीडलही नीट बसवू शकत नाही. फ्लोटची आडवी पिन झिजून भोके लांबट झाली आहेत का तेही पाहा. नीडलच्या पाठीवर जी स्प्रिंगवरची बारीक पिन असते ती दाबल्यावर सहज परत आली पाहिजे. सीटकडे प्रकाश टाकून बघा. लहान कार्बोरेटरमध्ये ती बहुधा बॉडीतच ठोकून बसवलेली असते आणि बदलता येत नाही, म्हणून तिथे पॉलिश पेपर घालण्याचा मोह टाळा. इअरबडला थोडे धातूचे पॉलिश लावून हलक्या हाताने फिरवणे आणि मग पेट्रोलने स्वच्छ धुणे एवढे पुरते. नंतर कार्बोरेटर उलटा करून पेट्रोलच्या नळीतून हलकेच फुंकून पाहा. फ्लोटच्या वजनाने नीडल बसलेली असताना हवा अजिबात जाता कामा नये.

फिल्टरविषयी मात्र जपून. इथे पंप नाही, पेट्रोल केवळ वजनाने खाली येते, आणि बारीक जाळीचा किंवा कागदी फिल्टर मध्ये आला तर टाकी कमी असताना पुरवठा तोकडा पडतो. कॉकच्या खालच्या वाटीतली जाळी स्वच्छ आणि अखंड असेल व टाकी नीट धुतली असेल तर मी वेगळा फिल्टर बसवणार नाही.

जुनाहातोडा

मी बसवेन, निदान टाकीतला गंज पूर्ण गेला याची खात्री होईपर्यंत. गुरुत्वावर चालणाऱ्या पुरवठ्यासाठी जाड जाळीचे फिल्टर मिळतात. तो उभा बसवावा आणि नळी कोठेही वर चढून खाली येणार नाही याची काळजी घ्यावी. बाकी मध्यरेषा यांच्याशी सहमत. नव्या ओव्हरफ्लो नळीचे टोक तिरके कापा आणि चेनच्या चिखलापासून दूर ठेवा. माशीसाठी तोंडावर जाळी बांधण्याचा मोह होईल, पण त्या जाळीवर चिखल बसला की परिस्थिती पुन्हा पूर्ववत होईल. त्यापेक्षा गाडी उभी करताना त्या टोकाकडे एक नजर टाकलेली बरी.

खाडीकाठ

सर्व भाग बदलले. पारदर्शक नळीतली पातळी आता सांध्याजवळ येते आणि तिथेच राहते. बाटलीही रात्रभर कोरडी राहिली. नवे ऑइल भरून गाडी बाजारापर्यंत नेऊ लागलो आहे आणि सकाळी पातळी वाढलेली दिसत नाही. किकही अडत नाही. मात्र प्लग काढून पाहिला तर तो अजून काळा आणि कोरड्या काजळीने भरलेला आहे. गॅरेजवाल्यांनी कॉम्प्रेशन तपासून "बघा, कमीच आहे" असे सांगितले. म्हणजे रिंगांचा प्रश्न उरतोच का?

मध्यरेषा

कॉम्प्रेशन केव्हा तपासले हे महत्त्वाचे आहे. पेट्रोलने सिलिंडरची भिंत धुऊन काढलेली असते, रिंगा आणि भिंत यांच्यामधला ऑइलचा थर गेलेला असतो, आणि त्या अवस्थेत चांगले इंजिनही कमी कॉम्प्रेशन दाखवते. नव्या ऑइलवर गाडी काही दिवस नीट तापेपर्यंत चालवा आणि मग पुन्हा तपासा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवूनच मोजायला सांगा. अर्धवट उघड्या थ्रॉटलवर आकडा खोटा येतो. तरीही कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून लगेच पुन्हा मोजा. आकडा ठळकपणे वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग). मात्र आडव्या सिलिंडरमध्ये टाकलेले ऑइल खालच्या अंगालाच जमते, त्यामुळे या गाडीत ही चाचणी उभ्या सिलिंडरइतकी निर्णायक नसते. टॅपेटची फट आधी बघून घ्या, जुन्या गाडीत ती अनेकदा मिटलेली असते.

काळा प्लग हा तुमच्याकडचा दुसरा, वेगळा दोष आहे. चोकची पट्टी खाली करूनही आतली झडप पूर्ण उघडते का ते एअर फिल्टरची नळी काढून डोळ्यांनी पाहा. एअर फिल्टर ऑइलने भिजला होता, तो बदलला का? भिजलेल्या फिल्टरमधून हवा कमी येते आणि मिश्रण आपोआप समृद्ध होते.

खाडीकाठ

फिल्टर फक्त पुसला होता, बदलला नव्हता. चोकची झडप मात्र पूर्ण उघडते. नवा फिल्टर आज बसवतो.

जुनाहातोडा

त्यानंतर प्लग पाहताना गाडी मंद चालवून घरी आणून पाहू नका, नाहीतर तो पुन्हा काळाच दिसेल. मोकळ्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने बरेच अंतर नेऊन, तिथेच इंजिन बंद करून पाहा.

आता नवे ऑइल लवकरच पुन्हा बदला. पेट्रोल ऑइलमधून पूर्णपणे उडून जाते असा समज आहे, तो अर्धाच खरा आहे. त्यातला हलका भाग आणि ७८ अंशांना उकळणारे इथेनॉल इंजिन नीट तापल्यावर ब्रीदरवाटे निघून जातात, पण पेट्रोलचा जड भाग दोनशे अंशांच्या आसपास उकळतो आणि एअरकूल्ड इंजिनाचे ऑइल रोजच्या वापरात तितके तापत नाही. बाजारापर्यंतच्या फेऱ्यांत तर नाहीच. जुन्या ऑइलचा जो अंश क्लच आणि गिअरबॉक्समध्ये उरतो त्यातून ही घाण नव्या ऑइलमध्ये येते. शक्य असल्यास उजवे कव्हर उघडून ऑइलची जाळी आणि फिरता फिल्टरही साफ करून घ्या. पातळ ऑइलने सैल झालेला गाळ तिथेच जाऊन बसतो.

खाडीकाठ

क्लच घसरल्यासारखा कधी वाटला नाही, पण पेट्रोल लागलेल्या क्लच प्लेटा बदलाव्या लागतील का?

जुनाहातोडा

घसरत नसतील तर बदलू नका. प्लेटांचे अस्तर ऑइलमध्येच काम करण्यासाठी केलेले असते आणि एवढ्याशा पेट्रोलने त्याचे नुकसान होत नाही. दुसऱ्या ऑइल बदलानंतर गिअर पूर्वीसारखे पडू लागले की तो प्रश्नही मिटला. ऑइल मात्र दुचाकीचेच, जासो एमए (ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचसाठीची जपानी प्रत) प्रतीचे आणि १०डब्ल्यू-३० ग्रेडचे घ्या. गळतीच्या भीतीने जाड ऑइल भरू नका. काढलेले पेट्रोलमिश्रित ऑइल नेहमीच्या जुन्या ऑइलपेक्षा लवकर पेट घेते, तेव्हा ते झाकण लावून, स्वयंपाकघरापासून दूर ठेवा आणि जुने ऑइल गोळा करणाऱ्याला देताना त्यात पेट्रोल आहे हे सांगा.

खाडीकाठ

सांगितल्याप्रमाणे दुसऱ्यांदा ऑइल बदलले. नव्या एअर फिल्टरनंतर प्लग तपकिरी दिसतो. टॅपेटची फट खरोखरच मिटलेली होती. ती जुळवून पूर्ण थ्रॉटलवर पुन्हा मोजले तेव्हा कॉम्प्रेशन पुरेसे आले आणि हाफ इंजिनाचा विषय गॅरेजवाल्यांनीच मागे घेतला. कॉक आता उभ्या गाडीला बंद असतो.